केळ्यातली गोळी

दोनमिनिटे हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण शहरातल्या दवाखान्यांत ते याच नावाने ओळखले जात. एका औषध कंपनीचे एम.आर., म्हणजे विक्री प्रतिनिधी, म्हणून एकतीस वर्षं त्यांनी डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. दिवसातून वीसेक वेळा दार अर्धवट उघडायचं, टाय सरळ करायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, फक्त दोन मिनिटं." आणि खरोखरच दोन मिनिटांत बोलणं आटपून ते बाहेर पडत. एका खवचट सर्जनने एकदा घड्याळ लावून पाहिलं, तर पाच सेकंद उरले. तेही दोनमिनिट्यांनी वाया घालवले नाहीत, आभार मानले.

त्यांच्या बॅगेत खोकल्याचं औषध असे, मलम असे, लहान मुलांचं टॉनिक असे. पण जीव जडला होता तो रक्तदाबाच्या एका गुलाबी गोळीवर. गोल, गुळगुळीत, मधोमध बारीक खाच. तिचं नाव ते फक्त डॉक्टरांसमोर घेत. घरी ती नुसती "आपली" असे. "आज आपली दोन नवीन दवाखान्यांत लागली," असं ते जेवताना सांगत, जणू मुलगी नोकरीला लागली आहे. बायको त्या गोळीला सवत म्हणायची. "सवतीला बॅगेत मऊ कप्पा," ती म्हणे, "आणि माझ्या हातचा डबा मात्र मोटारसायकलच्या हँडलला लोंबकळत."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना स्वतःलाच रक्तदाब निघाला, तेव्हा दुसरा एखादा हबकला असता. यांच्या चेहऱ्यावर मात्र घरात कार्य निघाल्यासारखा उत्साह. इतकी वर्षं दुसऱ्यांना दिली, आता आपण घ्यायची! विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. निवृत्तीनंतरही त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक एम.आर. दर दोन महिन्यांनी नमुन्याची पाकिटं आणून देई. पाच वर्षं अशी सुखात गेली. मग त्या भल्या माणसाची बदली झाली आणि दोनमिनिटे आयुष्यात पहिल्यांदा औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले.

"एक पाकीट द्या," ते ऐटीत म्हणाले.

दुकानदाराने पाकीट ठेवलं आणि आकडा सांगितला.

"एकच हवंय," दोनमिनिटे म्हणाले.

"एकाचीच किंमत सांगितली काका."

दोनमिनिट्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. छापलेला आकडा तोच होता. डॉक्टर सहसा किंमत विचारत नसत, आणि कुणी विचारलीच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, 'दिवसाला एक कप चहा, डॉक्टर.' हे वाक्य कंपनीने त्यांना शिकवलं, त्याला वीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात चहा महागला होता, पण गोळी त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. आता एका गोळीत चहा, बिस्किटं आणि वर एखाद्या मित्राचाही चहा आला असता. त्यांनी मुकाट्याने पैसे दिले आणि पाकीट खिशात असं घातलं, की जणू चोरूनच आणलं आहे.

चोरून आणल्यासारखं वाटायला आणखी एक कारण होतं. त्यांची मुलगी फार्मासिस्ट होती आणि तीनच महिन्यांपूर्वी तिने घरापासून दोन गल्ल्यांवर स्वतःचं दुकान थाटलं होतं. दोनमिनिटे सगळ्यांना अभिमानाने सांगत, "पोरीचं औषधांचं दुकान आहे." 'जेनेरिक', म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाशिवायचं स्वस्त औषध, हा शब्द ते गाळत. पाटीवर तो हातभर मोठा रंगवलेला होता, म्हणून ते त्या गल्लीतून जाणंही टाळत. आजसुद्धा पुलापलीकडच्या लांबच्या दुकानात गेले ते याचसाठी.

पण औषधवाल्यांची आपसात ओळख असते. दुपारी मुलगी जेवायला घरी आली ती हसतच. "बाबा, पुलापलीकडे फिरायला जाता म्हणे आजकाल?"

दोनमिनिट्यांचा घास हातातच राहिला.

"मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त एवढंच सांगते, तुम्ही जेवढे पैसे दिलेत ना, तेवढ्यात माझ्याकडे हीच गोळी सहा पाकिटं येते."

"हीच नाही. तसली."

"हीच, बाबा. आत औषध तेच, मात्रा तीच. रक्तात तेवढंच उतरतं, तेवढ्याच वेळात उतरतं, हे तपासल्याशिवाय परवानगी मिळत नाही. वरचा रंग आणि नाव तेवढं वेगळं."

तिने पर्समधून एक पाकीट काढून ताटाशेजारी ठेवलं. दोनमिनिट्यांनी चष्मा लावला. "पांढरी फटक आहे. बघ, गोळीच आजारी दिसते."

"छान गोळीने नाही दिसायचं, पेशंटने दिसायचं."

"कागदावर सगळं सारखं असतं गं. शरीराला कळतं! मी एकतीस वर्षं या धंद्यात केस पांढरे केलेत. शरीर बरोबर ओळखतं, आपली कोणती आणि परकी कोणती."

इतका वेळ बायको खिडकीशी बसून चादरीला टाके घालत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मग शरीरालाच विचारू या की."

ही बाई अठ्ठावीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. नुसत्या वासावरून रसायन ओळखतो म्हणणारी पोरं आणि त्यांच्याहून जास्त खात्रीने चुकणारे मास्तर तिने ढिगाने पाहिले होते. तिने बेत सांगितला. दोन्ही गोळ्या आणायच्या. कोणती कधी द्यायची ते ती नाणं उडवून ठरवणार. यांनी नुसती गिळायची आणि ओळखायची.

"पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही," मुलगी म्हणाली.

डॉक्टर म्हातारे होते आणि दोनमिनिट्यांना गेली पंचवीस वर्षं ओळखत होते. बेत ऐकून ते इतके हसले, की बाहेरून नर्स डोकावून गेली. मग त्यांनी कागद घेऊन अटी लिहिल्या. सहा आठवडे. दर आठवड्याला एकाच प्रकारची गोळी, आठवड्याच्या मध्ये बदल नाही. सकाळ-संध्याकाळ यंत्रावर रक्तदाब मोजून लिहायचा. अमुक आकड्याच्या वर गेला, तर खेळ बंद करून सरळ दवाखान्यात यायचं.

"दोनमिनिटे," कागद देताना ते म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मला कंपनीचे आलेख दाखवलेत. आता स्वतःचा एक घेऊन या."

सोमवारी सकाळी प्रयोग सुरू झाला. दोनमिनिटे खुर्चीत डोळे मिटून, तोंड उघडून बसले. बायकोने जिभेवर गोळी ठेवली. मग बंद डोळ्यांनीच ते ओरडले, "खाच! खाच लागली जिभेला! आपलीच आहे!"

"थुंका," बायको म्हणाली.

"अगं पण..."

"थुंका म्हणते ना. कॉपी केलीत."

तिने त्या आठवड्याचं नाणं पुन्हा उडवलं, आणि मंगळवारपासून गोळी केळ्याच्या जाड चकतीत खुपसून मिळू लागली. चावायचं नाही, जीभ फिरवायची नाही, गिळून पाणी प्यायचं. ती समोर उभी राहून घशाची हालचाल बघे.

पहिल्या आठवड्यात दोनमिनिट्यांना विशीतल्या पोरासारखं वाटू लागलं. जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढले. शेजाऱ्याला विनाकारण नमस्कार केला. शनिवारी त्यांनी आपल्या वहीत लिहिलं, 'आपली. शंभर टक्के.' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या आठवड्यात सगळं बिनसलं. डाव्या कानात भुणभुण सुरू झाली. जिन्यात धाप लागली. बुधवारी कंगव्यात नेहमीपेक्षा जास्त केस आल्याचा त्यांना संशय आला. "हे बघ," ते कंगवा नाचवत म्हणाले, "हे तुमचं जेनेरिक!"

"रक्तदाब?" बायकोने विचारलं.

"तो ठीक आहे. पण कानाचं काय?"

तिने तिच्या वेगळ्या वहीत काहीतरी लिहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात हे असं पहिल्यांदाच घडत होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लाडीगोडीचा मार्ग धरला. न सांगता भांडी घासली. तिच्या चपलांना पॉलिश केलं. संध्याकाळी ती पुस्तक वाचत असताना दाराशी घुटमळत म्हणाले, "आज तू फार छान दिसतेस."

ती पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "इतक्या वर्षांनी माझ्या दाराशी एम.आर. आला. नमुना काही आणलाय का?"

दोनमिनिट्यांनी खिशातून कंपनीचं जुनं पेन काढून अदबीने पुढे केलं. तिने ते घेतलं, झाकण उघडून पाहिलं, आणि त्याच पेनने वहीत त्यांचा सकाळचा आकडा लिहिला. पान अर्थातच हाताने झाकून. दोघंही मग बराच वेळ हसत होते.

चौथ्या आठवड्यात ती बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी घर धुंडाळलं. कपाटं, शिवणाचा डबा, चपलांचं खोकं, गाद्यांच्या खाली. काही सापडलं नाही, कारण गोळ्या आणि रिकामी पाकिटं मुलीच्या दुकानात कुलपात होती आणि रोजची एक तेवढी घरी येई. कपाटावर चढून उतरल्यामुळे त्या संध्याकाळचा आकडा तेवढा जरा चढा आला. त्यासमोर बायकोने शेरा लिहिला, 'उचापती.'

सहा आठवडे संपले. दोनमिनिटे टाय लावून दवाखान्यात गेले. बाकावर पेशंटांच्या रांगेत बसताना त्यांना कसंनुसं झालं. समोर भिंतीला टेकून तीन तरुण एम.आर. उभे होते, बॅगा पायाशी ठेवून. त्यातल्या एकाने ओळखून मान लववली. यांनीही लववली आणि पटकन दुसरीकडे पाहिलं.

आत डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. आधी आकडे. गुलाबी गोळीचे तीन आठवडे, पांढऱ्या गोळीचे तीन. डॉक्टरांनी सरासरी काढली, पेन्सिलीने दोन रेघा आखल्या. वरची कोणती आणि खालची कोणती हे सांगायला भिंग लागलं असतं.

"आता तुमची ओळखपरेड," ते म्हणाले आणि बायकोने वाचायला सुरुवात केली.

पहिला आठवडा, ज्याच्याखाली दोन रेघा होत्या, तो पांढरीचा निघाला. दुसरा, कानातल्या भुणभुणीचा आणि कंगव्याचा, तो गुलाबीचा. तिसरा बरोबर. चौथा चूक, पाचवा चूक, सहावा बरोबर.

"सहापैकी दोन," डॉक्टर म्हणाले. "नुसतं नाणं उडवून ओळखलं असतंत, तरी तीन आले असते."

दोनमिनिट्यांनी टाय सैल केला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे एवढी वर्षं मी खोटं बोलत होतो का हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपली गोळी चांगली आहे, असं सांगत होतात. ती चांगलीच आहे. पण बाकीच्या चांगल्या नाहीत, असंही अधूनमधून सुचवत होतात. आणि मी कधी उलटून विचारलं नाही. त्यामुळे निम्मी चूक माझ्या नावावर लिहा."

घरी येऊन दोनमिनिटे दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी मुलगी आली, चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याजवळ बसली. तिला वाटलं, हरल्याचं दुःख आहे. पण ते वेगळ्याच विचारात होते.

"मी विचार करत होतो," ते म्हणाले, "गोळी तीच, तर वरचे पैसे कशाचे? मग बसून आठवलं. माझी बॅग. मोटारसायकल आणि तिचं पेट्रोल. वर्षाला तीन टाय. डॉक्टरांना वाटलेली भिंतीवरची घड्याळं, पेनं, कॅलेंडरं. हॉटेलातल्या परिषदा. चकचकीत कागदावरचे ते आलेख." त्यांनी कप खाली ठेवला. "ते वरचे पैसे म्हणजे मी होतो गं."

मुलगी म्हणाली, "सगळेच काही तुम्ही नव्हतात. मूळ औषध शोधून काढायला कुणीतरी वर्षानुवर्षं खपलं, त्याचेही सुरुवातीला होते. ते केव्हाच वसूल झाले. आणि बाबा, माझ्या कॉलेजची फी पण त्यातलीच होती की. गुलाबी गोळीवरच मी फार्मासिस्ट झाले."

"तेच म्हणतो मी!" त्यांना जरा धीर आला.

"पण माझं शिक्षण आता संपलंय. लोकांकडून आणखी किती दिवस फी घ्यायची?"

दुसऱ्या दिवशी ते घराबाहेर पडले आणि दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा मुलीच्या गल्लीत वळले.

दुकान लहान, पण नीटस होतं. औषधं भरपूर आणि गिऱ्हाइकं तुरळक. ते कोपऱ्यात उभं राहून बघू लागले. एक रंगारी आला, कपड्यांवर चुन्याचे शिंतोडे, हातात रक्तदाबाच्या औषधाची चिठ्ठी. मुलीने पांढरं पाकीट काढलं, किंमत सांगितली. रंगाऱ्याने पाकीट हलवून पाहिलं. "एवढ्यात येते? मग खडूच असणार."

मुलगी समजावू लागली. शोषणाचं प्रमाण, रक्तातली पातळी, मान्यतेचे निकष. सगळं अचूक होतं आणि रंगाऱ्याच्या डोळ्यांवर झापड येत चालली होती. पोरगी एक नंबर हुशार, पण बोलणं म्हणजे पाठ्यपुस्तक! दोनमिनिट्यांना राहवेना.

"दादा," ते पुढे होत म्हणाले, "तुम्ही भिंत रंगवता ना? एकाच कारखान्यातला रंग दोन डब्यांत भरला, एकावर टीव्हीवरच्या नटीचं चित्र चिकटवलं. भिंतीला कळेल?"

"भिंतीला कसं कळणार? पण डब्यात रंग तोच आहे हे मला कोण सांगणार?"

"बरोबर बोललात! हाच प्रश्न विचारायचा." त्यांनी पाकीट उलटं केलं. "हा बनवणाऱ्याचा परवाना. हा बॅचचा नंबर. ही तारीख. आणि हे सगळं बिलावर लिहून घ्यायचं. बिल देत नसेल त्याच्याकडून महागडी गोळीही घ्यायची नाही. आता माझ्या शरीराची गंमत ऐका." आणि त्यांनी कान, कंगवा, दोन रेघा, सगळं सांगितलं. स्वतःची फजिती सांगताना त्यांना रंग चढत गेला. दुकानात आणखी दोन माणसं थांबून ऐकू लागली. रंगारी हसत हसत पाकीट घेऊन गेला, आणि जाताना बिल मागायला विसरला नाही.

त्या दिवसापासून दोनमिनिटे अकरा ते एक दुकानात उभे राहू लागले. मुलीने खुर्ची दिली, पण बसलं की त्यांचं बोलणं लंगडं पडे. गिऱ्हाइकं वाढली. कुणी पित्ताची गोळी घ्यायला येई, कुणी साखरेची, आणि जाताना कंगव्याची गोष्ट घरी घेऊन जाई.

मग एका दुपारी एक बाई घाईघाईने आली. शाळेच्या बसवर ड्रायव्हर होती, किल्ल्या हातात खुळखुळत होत्या. तिने नवऱ्याचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. "यातलं स्वस्तातलं द्या. सहा वर्षं हीच कंपनी घेतोय, परवडत नाही आता. तुमचं सगळ्या गल्लीत ऐकलंय."

दोनमिनिटे नेहमीच्या झोकात बोलायला सरसावले, आणि पाकिटावरचं नाव वाचून जागच्या जागी थांबले. फिट्सची गोळी होती. फार पूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने काही म्हणायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, हिच्याऐवजी दुसरी देता येते. पण अशी आमच्या मनाने नाही. शेवटची फिट कधी आली होती?"

"सहा वर्षांपूर्वी. ही गोळी लागली तेव्हापासून नाही."

"मग ही घडी आपल्या मनाने विस्कटायची नाही. काही औषधांत अगदी थोडाही फरक नडू शकतो. एखाद्याला बदललेली चालते, एखाद्याला नाही, आणि ते ठरवायचं डॉक्टरांनी. आधी त्यांना विचारा."

बाई वैतागली. "पाटीवर स्वस्त लिहायचं आणि दारातून परत पाठवायचं? चांगलं आहे!" किल्ल्या वाजवत ती निघून गेली.

दोनमिनिटे रुमालाने कपाळ पुसत होते.

"बरोबर केलंत, बाबा," मुलगी म्हणाली.

"गिऱ्हाईक गेलं की."

"जाऊ दे."

ते गिऱ्हाईक पाचव्या दिवशी परत आलं. नवऱ्याची गोळी डॉक्टरांनी बदलली नव्हती, कंपनीचीच चालू ठेवली होती. पण चिठ्ठीवर खाली बाईची स्वतःची दोन औषधं होती, थायरॉइडचं आणि कोलेस्टेरॉलचं, आणि तिसरं सासूबाईंच्या रक्तदाबाचं. थायरॉइडच्या औषधासमोर डॉक्टरांनी लिहिलं होतं, कंपनी बदलू नये. बाकीच्या दोन्हींसमोर लिहिलं होतं, जेनेरिक चालेल.

"डॉक्टर म्हणाले, ज्याने परत पाठवलं त्याच्याकडूनच घ्या," बाई म्हणाली. तिचा राग पुरता उतरलेला नव्हता, पण उतरणीला लागला होता. "कोण हो तुम्ही? औषधवाले?"

"छे, औषधवाली ही," दोनमिनिटे मुलीकडे बोट दाखवत म्हणाले. "मी नुसता बोलायला असतो."

मुलीने दोन पाकिटं काढली, परवाना आणि तारीख स्वतःहून दाखवली, बिल लिहिलं. बाई आकडा बघून थबकली, परत एकदा बघितला, आणि उरलेले पैसे जपून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले. ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "आयुष्यभर 'घ्या, घ्या' म्हणालात. त्या दिवशी 'घेऊ नका' म्हणताना कसं वाटलं?"

दोनमिनिट्यांनी खरोखरच विचार केला.

"अवघड गेलं," ते म्हणाले. "त्याची सवय नाही ना. पण जमेल हळूहळू."